माझ्या दगडावरचा ऑक्टोबर

मी मेले तेव्हा ओसरीवर घेवड्याच्या शेंगा सोलत बसले होते. माझा मुलगा लॉन्झो नॅशविलहून पहिल्यांदाच रेडिओवर बोलणार होता, म्हणून आवाज मोठा केला होता. त्याचं गाणं लागलं. डोंगरातल्या आईला मूठमाती देताना मुलाच्या मनात काय काय येतं, त्याचं गाणं. बाई गं, काय लिहिलं होतं! मी शेंगा सोडून डोळे पुसायला लागले. मग निवेदकाने हळव्या आवाजात विचारलं, "आई कधी गेल्या?" आणि माझं ध्यान, ज्याने जन्मात कुणाला नाही म्हटलं नाही, ते म्हणालं, "ऑक्टोबरात."

दुसऱ्या दिवशी पोस्टमन एनिस माझ्याच दारात माझ्या सांत्वनाला आला. हसून हसून त्याच्या पोटात दुखत होतं. पाठोपाठ लॉन्झोचा फोन.

"आई, चुकून तोंडातून निघून गेलं गं. पण गाणं नवव्या नंबरावर चढलंय! आता तुला जिवंत केली तर लोक माझ्या रेकॉर्डी फोडतील."

"मग मी काय करू?"

"थोडे दिवस मेलेलीच राहा ना."

थोडे दिवस म्हणे! अकरा वर्षं गेली. मेल्याने त्यानंतर चाळीस गाणी लिहिली. ट्रकवर लिहिली, दारूवर लिहिली, सोडून गेलेल्या दोन्ही बायकांवर लिहिली. लोक दोन टाळ्या वाजवतात आणि ओरडतात, "आईचं म्हण!" त्याचं सगळं नाव माझ्या मरणावर उभं. त्याच्या कार्यक्रमाला मी जायची ती मावशी म्हणून. मला सख्खी सोडा, चुलत बहीणसुद्धा नाही. लॉन्झो स्टेजवरून म्हणायचा, "आज माझी मावशी आलीय," आणि मी हात हलवायची. त्याने मला फ्रिज घेऊन दिला, घराला नवं छप्पर घातलं. पण चारचौघांत अकरा वर्षांत त्याने मला एकदाही आई म्हटलं नव्हतं, आणि ते मला फार लागायचं. खोटं कशाला बोलू? लोकांदेखत त्याने एकदा हाक मारावी, एवढंच मला हवं होतं.

दर मे महिन्यात एका रविवारी आम्ही सगळे कबरस्तानात जमतो. गवत काढतो, फुलं वाहतो आणि तिथंच झाडाखाली जेवतो. लॉन्झोचं नाव झाल्यापासून त्याचे चाहतेही बस भरभरून यायला लागले. माझा नवरा होबार्ट तिथंच आहे. तो गेला तेव्हा आम्ही दोघांचा मिळून एकच दगड बसवला. त्याच्या बाजूला दोन्ही तारखा, माझ्या बाजूला 'ऑर्फा स्टिडम', जन्मतारीख, आणि पुढे कोरी जागा. आमच्याकडे असंच करतात, पुन्हा कोण खटाटोप करणार?

ती कोरी जागा एका वर्षी विल्मा जीनच्या डोळ्यांत भरली. ही अलाबामाची, चाहत्यांच्या मंडळाची अध्यक्ष, केसांचा एवढा मोठा टोप. तिने परस्पर ठरवलं की दुःखामुळे बिचाऱ्या लॉन्झोच्याने तारीख कोरवली नाही. पुढच्या वर्षी ती थेट दगड कोरणारा म्हाताराच घेऊन आली. परक्या गावचा, क्लोव्हिस नावाचा. इथल्या कारागिराने तिला हाकलून दिलं असतं.

जेवणं चालू होती. मी तळलेली कोंबडी वाढत होते. विल्मा जीनने माईक हातात घेतला. "लॉन्झो, तुझ्यासाठी ही आमची भेट! महिना तर तू रेडिओवर सांगितलाच होतास. क्लोव्हिसकाका, करा सुरुवात!"

लॉन्झोचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. चमचमता कोट घालून नुसता उभा. क्लोव्हिसने गुडघे टेकले आणि टक टक सुरू केलं. लोक बटाट्याचं सॅलड खाताहेत आणि तिकडे माझं मरण दगडात उतरतंय! मला वाटलं, हा आत्ता बोलेल, मग बोलेल. छे! तासाभरात अख्खा ऑक्टोबर कोरून झाला. एनिस माझ्या कानात म्हणाला, "ऑर्फा, पळ आता, नाहीतर तुला आजच पुरतील." नेहमी हसले असते. त्या दिवशी हसू आलं नाही.

"तारीख सांगा," क्लोव्हिस म्हणाला.

विल्मा जीनने माईक लॉन्झोच्या तोंडापुढे धरला. तो दगडाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. मी ठरवलं होतं, आपण तोंड उघडायचं नाही. माझं मरण त्याने सुरू केलं, त्यानेच संपवावं.

"चौ..." तो म्हणाला. क्लोव्हिसने छिन्नी टेकवली, हातोडी उचलली.

"थांबा! आई!"

माईकमधून समोरच्या डोंगरापर्यंत गेली ती हाक. माझ्या हातातलं ताट खाली पडलं.

"ओ," मी म्हणाले.

दोनशे माणसं माझ्याकडे वळली. विल्मा जीनने मला खालून वर न्याहाळलं. "अहो, पण तुम्ही तर मावशी!"

"मावशी कुठली गं? मी एकटीच आहे माझ्या आईला."

लॉन्झो मान खाली घालून उभा. संपलं आपलं, असंच त्याला वाटलं असणार. तेवढ्यात मागून एक म्हातारा करवादला, "ते काय ते तुमचं घरी बघा. सहा तास बसमधून आलोय आम्ही. गाणं होणार की नाही?"

झालं की! त्याने माझ्याकडे बघत म्हटलं. सगळे रडले, विल्मा जीनचा तो टोपसुद्धा कलला. मी तर हुंदके देत होते. काही म्हणा, त्या गाण्यात मी फार चांगली मरते.

रेकॉर्डी कुणी फोडल्या नाहीत. दगडावर मात्र ऑक्टोबर तसाच राहिला, आणि लॉन्झोने त्याचा धसका घेतलाय. दर ऑक्टोबरात सगळे कार्यक्रम बंद ठेवून घरी येतो आणि एकतीस दिवस माझ्यावर पहारा देतो. मी परसात गेले, जरा दिसेनाशी झाले, की लगेच ओरडतो, "आई!"

पहिली हाक मी मुद्दाम जाऊ देते. दुसरीला ओ देते.