भोंगा व्हायच्या आत

आमच्या घरात एकच नियम होता आणि तो आईचा होता. भोंगा व्हायच्या आत जेवून घ्यायचं.

खडकीला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो आम्ही. सुटीचा भोंगा झाला की गल्लीत सायकली शिरायच्या. बाबा कधी थेट घरी यायचे, कधी पिऊन. पिऊन आले की जेवणात काहीतरी खटकायचं आणि ताट भिंतीवर जायचं. आई वरणाचे ओघळ पुसायची. मी कॉटखाली असायचे, पण पोट भरलेलं असायचं. तेवढं आईनं साधलं होतं.

आई गेल्या महिन्यात गेली. तिचा नियम माझ्याकडे राहिला.

आता मी कर्वेनगरला राहते. माझ्या नवऱ्यानं, राकेशनं, आवाज चढवलेला मला आठवत नाही. तरी खाली त्याच्या स्कूटरचा स्टँड वाजतो तेव्हा माझं ताट धुऊन झालेलं असतं. ओट्याशी उभी राहूनच जेवते मी.

"जेवलीस?"

"मघाशीच. भूक लागली होती."

"लॉजवर राहिल्यासारखं वाटतं मला," तो म्हणायचा. "मॅनेजरीण दिसायला बरी आहे, एवढंच."

बाबा प्यायचे हे त्याला माहीत होतं. भिंतीचं मी कधी सांगितलं नव्हतं. अशा गोष्टींवर मी पुष्कळ वाचलं आहे. पुस्तकांत याला नावंही आहेत. पण हातांना वाचता येत नाही.

आई गेल्यानंतरच्याच एका संध्याकाळी राकेश जिन्यानं वर आला, तेव्हा दार उघडंच होतं. आमची स्पृहा बाहुलीला भरवत बसली होती. "पप्पा आले. लवकर संपव. संपव ना!" असं म्हणून तिनं स्वतःच्या ताटलीतला भात घाईघाईनं तोंडात कोंबला आणि ताटली घेऊन मोरीकडे पळाली.

राकेश हेल्मेट हातात घेऊन दारातच उभा राहिला.

"मी काय केलंय तिला?"

मी मोरीत जाऊन स्पृहाच्या हातातली ताटली घेतली.

"आज नको सांगूस. पण सांग. तिनं मला घाबरायला शिकायचं असेल, तर या घरात राहणं मला जमणार नाही."

रविवारी खडकीला बाबांकडे आईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. भन्तेजींचा पाठ झाला, शेजारपाजारचे जेवून गेले. बाबा सगळ्यांच्या शेवटी बसले. दारू सोडून त्यांना बरीच वर्षं झालीत. हात आता वयानं थरथरतो. डाव्या हातानं त्यांनी ताटाची कड घट्ट धरली होती, ताट कुठे जाऊ नये म्हणून धरावी तशी.

"कल्याणी, बस की."

"जेवले मी, बाबा."

"कधी?"

"मघाशी."

ते ताटाकडे बघत हसले. "तुझी आईपण हेच म्हणायची. मी दारू सोडली तरी तिचं आपलं मघाशीच. एकदापण समोर बसून जेवली नाही. मीपण बस म्हटलं नाही. कोणत्या तोंडानं म्हणायचं?"

मग त्यांनी घास घेतला. माफीबिफी काही मागितली नाही. मी आत जाऊन पातेली घासत बसले. माझ्या डोळ्यांसमोर मात्र बाबा नव्हते. म्हातारा झालेला राकेश होता, ताटावर एकटा, आणि त्यानं तर कधी ताट भिरकावलंही नव्हतं.

परतताना स्पृहा आम्हा दोघांच्या मध्ये पेंगत होती. विद्यापीठाच्या सिग्नलला मी राकेशच्या पाठीला भिंतीचं सांगितलं. भोंग्याचं, कॉटचं सांगितलं. तोंडावर मला जमलं नसतं. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तेव्हा त्यानं गाडी कडेला घेतली.

त्यानं इंजिन बंद केलं.

"म्हणजे मी लॉजवर नव्हतो."

"नाही."

"मग कुठे होतो?"

"खडकीला."

"आधी सांगायचंस," तो म्हणाला. "भाडं तरी कमी दिलं असतं." आणि मागे हात करून त्यानं माझा गुडघा धरला.

दुसऱ्या दिवशी मी टेबलावर तीन ताटं मांडली. रोजच्या वेळेला भूक लागली, पाणी प्यायले. स्टँड वाजला आणि हात आपोआप ताटाकडे गेला. मी तो मांडीखाली दाबून बसले. राकेशकडे किल्ली असते, पण त्यानं बेल वाजवली.

"मी आहे. राकेश," बाहेरून आवाज आला.

"मग ये की आत! तुझंच घर आहे," मी म्हणाले. आवाज चिरकला थोडा.

त्यानंच वाढलं. पहिला घास गिळायला मला फार वेळ लागला. तो बघत नव्हता, किंवा तसं दाखवत होता. स्पृहाला मात्र हे सगळं सणासारखं वाटत होतं. बोलता बोलता तिचा हात लागला आणि वरणाची वाटी कलंडली. वरण टेबलभर पसरलं, कडेवरून खाली ठिबकायला लागलं. स्पृहानं माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची मागे सारून उठलेच होते.

"बस," राकेश म्हणाला. त्यानं फडकं घेतलं, पुसलं आणि वाटी पुन्हा भरून तिच्यासमोर ठेवली. "या खेपेला तोंडात टाक."

ती खिदळली. मी खुर्ची पुढे ओढली.

येत्या रविवारी खडकीला जायचं म्हणते. बाबांसमोर बसून जेवता येईल की नाही, मला माहीत नाही. पण निघण्याआधी इथे जेवणार नाही.