मोरीच्या तेलातली फटफटी

होडीला ब्रेक नसतो. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा, म्हणजे गुरुदास कुबलाचं पुढचं सगळं वागणं तुम्हाला शहाणपणाचं वाटेल. मला तरी वाटलं होतं. आम्ही दोघं मालवणात, वायरीला, एकाच होडीच्या सावलीत वाढलो. होडी थांबवायची तर शीड उतरवायचं, नांगर टाकायचा आणि मग दर्याची मर्जी, एवढंच आम्हाला ठाऊक.

फटफटी आली ती आगबोटीतून. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. तेव्हा आगबोट लांब पाण्यात उभी राहायची आणि माणसं, सामान पडावातून किनाऱ्याला यायचं. त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की पडाव दिसत नव्हता, पाणीही दिसत नव्हतं. नुसती एक हिरवी, पलटणीतून निघालेली फटफटी डुलत डुलत पाण्यावरून चालत येताना दिसली. किनाऱ्यावरच्या बायकांनी हात जोडले. मीही जोडले असते, पण फटफटीच्या मागून गुरुदासाचं डोकं वर आलं आणि ते माझ्यावर ओरडलं, "शिवा मेल्या, बघतंस काय, हात लाव!" तेव्हा कळलं की हे देवाचं वाहन नव्हे.

आता तेलाचं सांगतो. आमच्याकडे लोखंड आणि खारा वारा यांचं जुनं वैर. खिळा म्हणू नका, नांगर म्हणू नका, रात्रीतून लाल होतो. त्यावर उपाय एकच, मोरीचं तेल. मोरी म्हणजे तो दातांच्या रांगा घेऊन फिरणारा दांडगा मासा. तिच्या काळजाचं तेल डब्यात भरून ठेवायचं आणि होडीला चोपडायचं. वास म्हणाल तर आगबोटीचा कप्तान धुक्यात नाक वर करायचा आणि म्हणायचा, मालवण आलं.

गुरुदासाने फटफटीला हे तेल प्रेमाने लावलं. साखळीला लावलं, दिव्याच्या कडीला लावलं, भोंग्याच्या घशातही ओतलं. मग चाकं उघडली. आत, डब्यासारख्या ड्रमात, ब्रेकचे दोन तुकडे समोरासमोर बसवलेले होते, अगदी दोन चंद्रकोरी. ब्रेक दाबला की त्या पसरायच्या, ड्रमाला आतून घट्ट भिडायच्या आणि चाक थांबायचं. त्यांच्यावरचे लायनर खरखरीत आणि कोरडे होते. गुरुदासाला त्यांची दया आली.

"शिवा, बघ रे, किती सुकली हत बिचारी," असं म्हणत त्याने त्यांना तेलाने न्हाऊ घातलं.

आणि गंमत अशी की फटफटी थांबायची. वायरीतली वाट म्हणजे निव्वळ पुळण. चाक वाळूत रुतलं की ब्रेक असो नसो, गाडी नांगरलेल्या होडीसारखी उभी. गुरुदास ब्रेक दाबायचा, गाडी थांबायची आणि तो माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसायचा.

मग एके दिवशी तो बायकोला, सुगंधाला, फटफटीवर बसवून तिच्या माहेरी मसुऱ्याला निघाला.

तिच्या आईचं, राधाबाईंचं घर एका लांबलचक उताराच्या शेवटाला. तिथे वाळू नाही, सगळा तासल्यासारखा गुळगुळीत जांभा. वाट अगदी दारावरून जाते, पुढे मळा आणि मळ्यापलीकडे खाडी. सासुरवाडीच्या दारात आवाज नको म्हणून गुरुदासाने उताराच्या माथ्यावरच इंजिन बंद केलं. जावई-लेक येणार म्हणून राधाबाई एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा घेऊन उंबऱ्याबाहेर उभ्या. दारात पाहुणा थांबला की तुकडा ओवाळून टाकायचा आणि पायावर पाणी घालायचं, ही आमची रीत. पण पाहुणा थांबला तर!

फटफटी आली. ब्रेक दाबलेला, तेलात न्हालेल्या चंद्रकोरी ड्रमाच्या आत घसरताहेत, आणि गाडी खाडीवरच्या बगळ्यासारखी निःशब्द तरंगत दारावरून निघून गेली. गुरुदासाने पाय टेकवले, तर नव्या वहाणांचे तळ तेवढे दारात थांबले. राधाबाईंचा हात ओवाळायला म्हणून उठला तो तसाच राहिला.

फटफटी खाडीच्या चिखलात जाऊन निजली. सुगंधा गुडघाभर चिखल तुडवत परत आली आणि दारात पदर खोचून उभी राहिली.

"माझ्या आवशीच्या हातातलो तुकडो हातातच रवलो," ती म्हणाली. "मी काय वारो आसंय, दारावरसून जावक? आंगणेवाडीच्या जत्रेआदी ही गाडी हय, ह्या दारात उभी करून दाखवा. नाय तर जत्रेक मी हयसूनच जातलंय, आणि मगे हयच रवतलंय."

"अगो पण..."

"पण नाय नि बिण नाय."

गुरुदास एकटा परतला. दुसऱ्या दिवसापासून तो चहा दोन कपांत ओतायचा आणि दोन्ही स्वतःच प्यायचा.

आम्ही खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, फटफटी आडवी केली आणि दुखणं शोधायला बसलो. गुरुदासाने ब्रेकची दांडी हलवून बघितली, सैल लागली. "तार ढिली आसा," तो म्हणाला. नट फिरवून त्याने तार होडीच्या दोरखंडासारखी ताणली, आणि ताण सोसावा म्हणून सगळीकडे पुन्हा तेल दिलं. पुळणीत चालवून पाहिली. जागच्या जागी थांबली.

दुसऱ्या खेपेला मागे मी बसलो. निघालो तेव्हा पहाटेचं धुकं माडांच्या कमरेपर्यंत होतं आणि त्या धुक्यातून आमच्या मागे मांजरं येत होती. पांढरी, काळी, कबरी, शेपट्या वर करून, पालखीमागे चालल्यासारखी शांतपणे. तेलाचा वास त्यांना ओढत होता. गावाच्या वेशीवर ती बसली आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत बघत राहिली.

मसुऱ्याचा उतार आला. इंजिन बंद. नुसता वारा आणि चाकाची कुजबुज. दार जवळ आलं, राधाबाई तांब्या घेऊन, सुगंधा खांबाला टेकून. गुरुदासाने ब्रेक दाबला आणि दाबता दाबताच तो ओरडला, "तार आवळलंय गो!"

"दिसता ता!" सुगंधा म्हणाली. तोवर आम्ही मळ्यात होतो.

परतीच्या वाटेवर गुरुदास तेच दोन शब्द जिभेवर घोळवत होता. "'दिसता ता' म्हणाली, शिवा. म्हणताना हसली काय रे?"

"माका पाठ दिसली."

"हसलीच आसतली," तो म्हणाला आणि भोंगा वाजवला. भोंग्यातून तेलाचा बुडबुडा आला.

त्यानंतर आम्ही किती खेपा घातल्या ते विचारू नका. दर खेपेला एक नवा इलाज आणि दारावरून जाताना एक वाक्य. एका खेपेला गुरुदास म्हणाला, "ड्रमाचो गंज काढलंय!" खरंच काढला होता, नारळाच्या सोडणाने घासून घासून. ड्रम आरशासारखा झाला आणि आरसा गंजू नये म्हणून त्याने तेल लावलं. सुगंधा म्हणाली, "केस कापा आदी!" पुढच्या खेपेला तो केस कापून गेला. ती म्हणाली, "कानामागचे रवले!" असा त्या नवरा-बायकोचा संसार एकेका वाक्याने चालला होता. दार यायचं, वाक्य व्हायचं, दार जायचं. खरं सांगतो, त्या उतारावरून घरंगळताना मलाही वाटायला लागलं की थांबलेली आहे ती फटफटी, आणि मसुरे गाव, त्याचे फणस, त्याची कौलं आणि खांबाला टेकलेली ती बाई, हेच सगळं हळूच आमच्या बाजूने वाहत जातंय.

शेवटी गुरुदासाने नांगर आणला. होडीचा, खराखुरा. "माका आदी कशाक सुचला नाय?" तो म्हणाला. दाराशी येताच मी तो फेकला आणि तो बरोब्बर राधाबाईंच्या गवताच्या उडवीत रुतला. दोर ताणला, उडवी जागची हलली आणि निघाली की आमच्या मागे! संध्याकाळच्या सोनेरी उजेडात मळ्यातून एक भलीमोठी गवताची गंजी चाललीय, मागून दोन वासरं चालता चालताच तिच्यातलं गवत खाताहेत, आणि त्यांच्या मागे राधाबाई.

"जावयांनु! माझी उडवी खंय घेवन चललात?"

त्या दिवशी सुगंधा काहीच बोलली नाही. नुसती आत गेली. परतताना गुरुदासाने भोंगाही वाजवला नाही. जत्रा उद्यावर आली तेव्हा त्याच्याकडे आता एकच खेप उरली होती.

त्या शेवटच्या दिवशी त्याने सकाळीच दोन्ही चाकं उघडली. चंद्रकोरी बाहेर काढल्या. "कमी पडला तेल. भिजवकच व्हयी," म्हणाला. खळ्यात बांगडे वाळत घातले होते, त्याच चटईच्या कोपऱ्यावर चंद्रकोरी ठेवल्या आणि त्यांच्यावर डब्यातलं तेल ओतलं. मग आम्ही माडाच्या सावलीत जरा आडवे झालो. दुपार अशी होती की समुद्रसुद्धा पापणी मिटून पडलेला. माझा डोळा लागला, आणि झोपेत मला दूरवर कुणीतरी लाकूड घासतंय असं ऐकू येत राहिलं. खर्र, खर्र, खर्र.

जागा झालो तर खळं मांजरांनी भरलेलं. वायरीतली सगळी, आणि काही तर थेट शिरोड्याकडूनही आली असावीत, कारण त्यांच्या पायांना तिकडच्या मिठागरांतल्या मिठाचे कण होते. बांगड्यांकडे एकाचंही लक्ष नव्हतं. डबा उपडा, आणि सगळी आळीपाळीने, डोळे मिटून, ब्रेकच्या चंद्रकोरी चाटत होती. मांजराची जीभ कधी हाताला लागली असेल तर ठाऊक असेल तुम्हाला, ती कानशीसारखी असते. त्या जिभांनी तेलाचा थेंब न् थेंब उपसला, लायनरवर चढलेली चकाकी खरवडून काढली, आणि मग ड्रमात उतरून तेही पुसून घेतले.

"मेल्यांनी सगळा तेल खाल्ल्यानी!" गुरुदासाने कपाळाला हात लावला. डबा कोरडा, ऊन कलतं, नवीन तेल आणायला वेळ नाही. रडकुंडीला येऊन त्याने चंद्रकोरी तशाच, उघड्या, कोरड्या आत बसवल्या. वाटभर तो एक वाक्य पाठ करत होता. एक कबरी बोकी माझ्या मांडीवर बसून आली. तिला उतरवायला मी धजलो नाही.

उतार. इंजिन बंद. या वेळी राधाबाई बाहेर नव्हत्या. त्यांनी आशा सोडली होती. सुगंधा मात्र खांबाशी उभी. गुरुदासाने ब्रेक दाबला.

फटफटी थांबली. थांबली म्हणजे अशी, की जगाने एक श्वास घ्यायचा विसरावा. मी आणि बोकी मात्र थांबलो नाही. आम्ही गुरुदासाच्या डोक्यावरून पुढे निघालो, सावकाश, कापसासारखे. वरून मला मसुऱ्याची खाडी दिसली, मालवणचा किल्ला दिसला, आणि अगदी खाली, दारात, एकमेकांसमोर दोन माणसं दिसली. मग आम्ही नव्याने रचलेल्या उडवीवर अलगद उतरलो आणि तिथूनच पुढचं सगळं पाहिलं.

गुरुदासाने सवयीने घाईघाईत वाक्य टाकलं. "सुगंधा, तुझ्याशिवाय आमटेक चव नाय, चल घराक!" आणि तो निघून जायची वाट बघू लागला.

पण तो गेला नाही. दारही गेलं नाही. सुगंधाही नाही.

"मगे?" ती म्हणाली.

"मगे काय?" गुरुदासाला घाम फुटला. "इतक्याच पाठ केलंय."

सुगंधा हसली. या वेळी तिची पाठ नव्हती, मी पाहिलं. आतून राधाबाई धावत आल्या. "थांबा! थांबा हां जावयांनु, जाव नकात, तुकडो हाडतंय!" एवढ्या दिवसांचा साचलेला तुकडा त्यांनी आधी जावयावरून ओवाळला, मग फटफटीवरून, आणि तांब्यातलं पाणी अर्धं त्याच्या पायावर, अर्धं चाकावर घातलं.

सुगंधाने वाकून चाकाचा वास घेतला. "तेल खंय गेला?"

"मांजरांनी चाटल्यानी!" मी उडवीवरून सांगितलं.

तिने नवऱ्याकडे असं पाहिलं की मीच गवतात खाली सरकलो. "तेलाच्या हातांनी जिवंत बांगडो धरून बघा कधी. रवता हातात? कोरड्या हातान धरूचो लागता. ब्रेकाचाही तसाच."

"होडयेक मात्र..."

"ही होडी नाय," असं म्हणून ती मागच्या जागेवर बसली. माझ्याच जागेवर.

तेव्हा मी आणि बोकी मालवणपर्यंत चालत आलो. पण एकटे नव्हे हां. ब्रेक खरंच लागतो की काय हे पाहायला गुरुदास प्रत्येक वळणावर थांबत होता, मागे वळून सुगंधाशी एकेक वाक्य बोलत होता, आणि तेवढ्यात आम्ही त्यांना गाठत होतो. वायरीला आम्ही चौघं एकदमच पोचलो.