बिबट्यापासून वाचलेला बांड्या

मी एक जुनी पांढरी मोटारगाडी आहे. मित्रांनो, माझा रंग उडाला आहे, मागचे दार आपटल्याशिवाय लागत नाही आणि हल्ली माझ्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. त्याचे मला दुःख नाही. मला छळते ते वेगळेच, आणि ते सांगताना आजही मेल्याहून मेल्यासारखे होते.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या अंगात लोकांना आपला चेहरा दिसायचा. काही वर्षे नागपुरात राबले आणि मग चामोर्शीजवळच्या एका गावी गुणवंतरावांच्या घरी आले. ते धानाची शेती करत. बियाण्याची पोती, बाजाराची भाजी, शेजारची अडलेली बाळंतीण, मी सगळ्यांना वाहून नेले. "गाडी जुनी हाये, पण इमानी हाये," असे गुणवंतराव चारचौघांत सांगत आणि मी फुगत असे.

त्यांच्याकडे बांड्या नावाचा कुत्रा होता. अंगावर पांढरे पट्टे आणि महाखोडकर. आमचे गाव जंगलाला लागून. बिबट्या माणसाला टाळतो, पण कुत्रा दिसला की त्याच्या तोंडाला पाणी सुटते. शेजारचा कुत्रा त्याने अंगणातूनच उचलून नेला. तेव्हापासून अंधार पडला की गुणवंतराव बांड्याला माझ्या मागच्या सीटवर झोपवत, काचा बोटभर उघड्या ठेवत आणि दार लावत. सकाळी तो शेपूट हलवत उतरे. एकदा बिबट्याने माझ्या दारावर नखे ओढली. तो ओरखडा मी दागिन्यासारखा मिरवला.

मे महिन्यात मूल तालुक्यातल्या एका गावी गुणवंतरावांच्या पुतणीचे लग्न होते. त्या गावात बिबट्याने दिवसाढवळ्या शेळी नेली होती. म्हणून त्यांनी मला मोहाच्या सावलीत उभे केले, बांड्याला आतच ठेवले आणि काचा पूर्ण चढवल्या.

"बाबा, गरमीनं मरन ना तो," त्यांची मुलगी नंदिनी म्हणाली.

"काऊन मरन? रोजच तं तिथी झोपते. बाहेर बांधला तं बिबट नेईन त्याले."

"एक काच तं खाली करा."

"मंग उडी मारते तो. चाल, लगन लागून राह्यलं."

मलाही वाटले, बांड्याला माझ्याइतकी सुरक्षित जागा दुसरी कोणती?

सावली सरकली. माझा पत्रा तापला, सीट तापली. काचेतून आलेले ऊन मी आत कोंडून ठेवले. बांड्या धापा टाकत या खिडकीकडून त्या खिडकीकडे गेला, काच चाटू लागला. मग धडपडत स्टिअरिंगवर चढला आणि माझा भोंगा वाजला. पण मांडवात डीजे दणाणत होता. भोंगा कोणालाच ऐकू गेला नाही. मित्रांनो, ज्या दाराने बिबट्याला बाहेर ठेवले, त्याच दाराने बांड्याला आत ठेवले.

जेवणाची पंगत आग्रहाने लांबली. शेवटी नंदिनी पाण्याचा गडू घेऊन धावत आली, तेव्हा बांड्या सीटखाली पडला होता. त्याला सावलीत नेले. तिची आई सुगंधाबाई ओल्या पदराने त्याचे अंग पुसत राहिल्या. बांड्याने डोळे उघडले, गुणवंतरावांकडे पाहिले आणि शेपटी थोडीशी हलवली. तो चिडला असता, चावला असता, तर बरे झाले असते. थोड्या वेळाने तो गेला.

"बिबट्यानं नाई, मीच मारलं त्याले," गुणवंतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांनी मला अंगणात उन्हात उभे केले आणि काचा चढवून एकटेच आत बसले. सुगंधाबाई बाहेरून काच बडवू लागल्या, "काय करून राह्यले जी? निंगा बाहेर!" ते हलले नाहीत. घामाने निथळले, श्वास लागला, डोळे पांढरे व्हायला आले.

मित्रांनो, 'आत्ता येतो' म्हणून कुत्र्याला गाडीत कोंडू नका. सावलीवर भिस्त ठेवू नका, ती जागा सोडते. त्याला घरी गार ओसरीवर ठेवा, नाहीतर सोबत उतरवा. गुणवंतरावांना शेवटी ती उष्णता साहवली नाही, त्यांनी कडी ओढली आणि ते बाहेर पडले. बांड्याला कडी ओढता येत नव्हती.