रंग पुसेपर्यंत

"आता ओठ तेवढे राहिलेत. काय बोलायचंय ते बोलून घ्या," काळ्या रंगात कुंचला बुडवत खिम मास्तर म्हणाले.

थियामचं बाकी तोंड रंगून झालं होतं. देवाचा सेनापती होऊन नाचणाऱ्याचे ओठ एकदा रंगले, की रंग पुसेपर्यंत ते उघडायचे नाहीत. तुंगकांग बंदरातल्या त्या ताओ देवळाची रीतच तशी. त्याची बायको बीयुन हाताची घडी घालून समोर उभी होती.

"लोकहाय येणाराय," ती म्हणाली. "पलीकडच्या देवळाच्या पालखीबरोबर. कान तोडलास तू त्याचा. तो काय तुला ओवाळणाराय?"

"माहितेय गं."

"आज हात उचललास तर पुन्हा तुरुंग. आणि मी पोरीला घेऊन आईकडं. मागं वळूनसुद्धा बघायची नाही."

"रंग लागल्यावर मी मी नसतो."

"मार खाताना तूच असतोस, शहाण्या!"

मास्तर हसले आणि त्यांनी थियामचे ओठ रंगवून टाकले.

थियाम बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचा. डोकं असं तापट, की कामावरची माणसंही त्याच्यापासून दोन हात लांबच राहत. काही वर्षांपूर्वी जुगाराच्या अड्ड्यावर लोकहायनं त्याला आईवरून शिवी दिली. ह्यानं लादी ओढायचा आकडा त्याच्या कानात अडकवला आणि ओढला. तुरुंगातून सुटल्यावर बीयुननंच त्याला मास्तरांच्या पायावर घातलं. मास्तरांनी वर्षभर नाच शिकवलाच नाही, नुसतं गुडघे वाकवून उभं केलं.

"राग वाईट नाही रे गाढवा," ते म्हणत. "तोही खीच, म्हणजे प्राणच. पण तू त्याला छातीत चढू देतोस, म्हणून तो हातातून बाहेर पडतो. श्वासाबरोबर त्याला बेंबीखाली ने, तिथून पायात सोड. मग नाच."

थियामला हे बर्फाच्या लादीसमोर जमायचं. माणसासमोर जमेल का, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

दुपारी मासळीबाजाराच्या गल्लीत दोन्ही पालख्या समोरासमोर आल्या. अशा वेळी दोन्हीकडच्या सेनापतींनी सात ताऱ्यांची, म्हणजे सप्तर्षींच्या आकारात ठरलेली सात पावलं टाकत पुढं यायचं, पंखा उघडून एकमेकांच्या देवाला नमस्कार करायचा आणि मग वाट द्यायची. पण फटाक्यांच्या धुरातून पलीकडचा सेनापती आलाच नाही, लोकहाय आला. रंगबिंग काही नाही, हातात निशाणाचा बांबू.

"काय रे बर्फवाल्या! तोंड रंगवलं की झालास होय देव? माझा कान दे आधी!"

थियामनं पहिलं पाऊल टाकलं आणि बांबू सरळ तोंडावर बसला.

कडकन काहीतरी मोडलं. तोंड गरम रक्तानं भरलं, जिभेवर टणक, सुटं काहीतरी फिरायला लागलं. मागं त्याच्या पथकातले गडी कमरेचे सुरे चाचपत होते. सेनापतीचा पंखा खाली पडला की तुटून पडायचं, एवढंच त्यांना कळत होतं. थियामच्या तळपायातून राग उठला आणि मांड्यांतून, पाठीतून सरसरत वर आला. लोकहायचा गळा हाताच्या अंतरावर होता. आवळला असता तर बरं वाटलं असतं. देवाशपथ, फार बरं वाटलं असतं!

त्यानं नाकानं श्वास ओढला, रक्ताचा घोट गिळला आणि राग खाली ढकलला. ऐकेना. पुन्हा ढकलला. मग पाय असा आपटला, की रस्त्यावरचं मासळीचं पाणी लोकहायच्या तोंडावर उडालं.

दुसरा फटका खांद्यावर. हाड मोडलं, हात लुळा पडला. पंखा निसटायच्या आत त्यानं दुसऱ्या हातात झेलला. तिसरा गुडघ्यावर. थियाम लंगडला, पण पाऊल पडायचं तिथंच पडलं.

"मार ना! हात नाहीत का तुला?" लोकहायचा आवाज आता रडवेला झाला होता. "मार म्हणतो ना!"

शेवटच्या पावलाला छातीला छाती भिडली. थियामचा हात वर गेला. बीयुननं गर्दीत डोळे गच्च मिटून घेतले.

पंखा उघडला. थियाम लोकहायच्या मागच्या देवाला कमरेतून वाकला.

पलीकडच्या म्हाताऱ्या ढोलवाल्याचा हात आपसूक उत्तराच्या ठेक्यावर पडला; देवाला नमस्कार झाला की उत्तर द्यावंच लागतं. लोकहायला त्याच्याच माणसांनी काखेत धरून बाजूला ओढलं. कान होता तिथं हात दाबून तो लहान पोरासारखा रडत होता. ते बघून थियामला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी पालखी देवळात पोचली, तेव्हा कुठं मास्तरांनी तेलाचा बोळा घेऊन त्याचं तोंड पुसलं. बीयुननं पितळी घमेलं पुढं धरलं.

"उघड आता."

रक्ताच्या गुठळ्यांबरोबर दोन दात टणकन घमेल्यात पडले.

"इतका वेळ तोंडात ठेवलेस? थुंकायचे नाहीत का रे मेल्या?"

"ओठ... रंगवलेले होते."

खांद्याचं हाड बांधून त्याला घरी आणल्यावर तिनं विचारलं, "वरचे की खालचे?"

"वरचे."

पोरांचे वरचे दात पडले की खाटेखाली टाकतात, खालचे छपरावर, म्हणजे नवे सरळ येतात.

"आता कुठले यायला?" थियाम बोबड्यासारखा म्हणाला.

"गप्प बस तू."

तिनं दात धुतले आणि खाटेपाशी गुडघे टेकले. खाटेखाली सकाळीच भरून ठेवलेली तिची बॅग होती. ती तिनं बाहेर ओढली आणि त्या जागी ते दोन दात ठेवले.