माझी मऊ पाती

मी गवत कापायचं मशीन बोलतोय. सिल्वासातल्या सरकारी वसाहतीत, जिन्याखाली, पोतं पांघरून उभा आहे. अंगावरचा लाल रंग अजून कोरा आहे. खोट होती ती पोटाखाली, पात्यांत.

मला आणलं शैलजाताईंनी. त्या शाळेत शिकवतात आणि वसाहतीच्या बागेचंही त्याच बघतात. आणल्या दिवशी मला हार घातला, नारळ फोडला. मला वाटलं, आता ही हिरवळ माझीच.

पण हिरवळीवर आधीपासून केसरबाई होती. शहाद्याकडची. नवरा नरोलीच्या कारखान्यात, आणि ही विळा घेऊन बागेत उकिडवी बसलेली. माझ्यामुळे तिचं काम सुटणार, हे सगळे जाणून होते. तीही. तरी कापत राहायची.

वसाहतीची किरकोळ कामं करणाऱ्या वाल्मिकने मला सुरू केलं. मी असा गरजलो की झाडांवरच्या साळुंक्या उडाल्या. गवत मात्र कापलं गेलं नाही, गुराने चघळून टाकल्यासारखं झालं. लवकरच शेंडे पिवळे पडले. आणि केसरबाईने कापलेला तुकडा शेजारीच, हिरवागार. लोक तिथे चप्पल काढून चालत, माझ्या बाजूला कुणी फिरकत नसे. माझा नुसता जळफळाट व्हायचा. दुपारी ती त्या वाकड्या विळ्याला पदराने पुसायची. मला कुणी कधी असं पुसलं नव्हतं.

वाल्मिकने पाती काढून नेली, धार लावून आणली. दुपारपर्यंतही टिकली नाही. धारवाला म्हणाला होता, लोखंडच मऊ आहे, पाती बदला. वाल्मिकने ते शैलजाताईंना सांगितलं. दुकानदाराने हात वर केले. पाती हमीत बसत नाहीत म्हणे. मशीनचा हट्ट शैलजाताईंनीच धरला होता, आता माघार घ्यायची कशी? असंच चालवा, म्हणाल्या. मीही मनातून खूश झालो. मला त्या विळ्याला हरवायचं होतं.

एका सकाळी केसरबाई कडेचं गवत काढत होती. माझ्याखाली खडा आला. चांगल्या पात्यावर नुसता ओरखडा उठला असता. माझ्या पात्याचं टोक तुटलं आणि थेट तिच्या पोटरीत घुसलं. वाल्मिकने मला बंद केलं आणि तिला उचलून रिक्षात घातलं.

टाके घालून परत आणलं, तेव्हा शैलजाताई फाटकातच उभ्या होत्या.

"केसरबाई, वाल्मिक सांगत होता पाती बदला म्हणून. मी ऐकलं नाही."

केसरबाईने पायाकडे पाहिलंसुद्धा नाही. "ताई, मना काम ऱ्हाऊ द्या. बस."

शैलजाताईंनी तिचा हात हातात घेतला. "काम तुमचंच आहे. पाय बरा होऊ द्या आधी."

पुढे कितीतरी दिवस बाया तिच्यासाठी डबे घेऊन माझ्यासमोरूनच जायच्या, आणि खोटं कशाला बोलू, तेव्हाही मला तिचा हेवाच वाटला.

आता ती बागेत परत आली आहे, जरा लंगडते. वाल्मिकने माझी पाती उतरवून भंगारात टाकली. लोकहो, रंग बघून आमच्यासारख्यांना घरी आणू नका, आधी पातं हातात घेऊन बघा. आणि मला भंगारात देऊ नका. चांगली पाती मिळाली तर मीही नीट कापेन. तोवर कुणी कितीही हट्ट केला तरी असलीच मऊ पाती लावून मला सुरू करू नका. जळतोय तो मी. त्याची झळ दुसऱ्या कुणाला नको.