केसरीनाथांची अंघोळ

दहाव्याला केसरीनाथांच्या पिंडाला कावळा शिवलाच नाही. ऊन डोक्यावर आलं, तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. पण दर्भाच्या कावळ्याचं खरं मानायचं का? द्रौपदीबाईंच्या जिवाला तेच लागून राहिलं. नवरा सुटला, की इथेच अडकला?

आणि मग बाथरूममध्ये पाणी पडू लागलं. पहाटे, केसरीनाथांच्या अंघोळीच्या वेळेला. एरवी नारपोलीत कापडाच्या लूमच्या खडखडाटात कुठलं ऐकू यायला? पण शुक्रवारी कारखाने बंद. घरभर तेवढाच आवाज. टप्. टप्.

"वासना र्‍हायली की जीव दाराशी घोटाळतो. बुवा कीर्तनात सांगतात ते खोटं न्हाय."

"नाम घेणाऱ्याला देव स्वतः न्यायला येतो, हेही बुवाच सांगतात की, आई. ते बरं विसरता!" सून नेत्रा म्हणाली. तिच्या माहेरी वडप्याला नळांचं दुकान.

"बुवांची चूक काढतेस व्हय गं?"

"बुवांची नाही, नळाची."

तिने शॉवर फडक्याने कोरडा पुसला आणि वाट पाहिली. थेंब आलाच, म्हणजे पाइपात उरलेलं पाणी नव्हे. माळ्यावरचा मुख्य कॉक फिरवला. आवाज थांबला. उघडला. टप्.

"टाकीचं पाणी आहे, आई. पहाटे पंप टाकी भरतो, दाब वाढतो आणि हा डायव्हर्टर, नळ की शॉवर ते ठरवणारी ही मूठ, ते अडवत नाही." कॉक पुन्हा बंद करून तिने भिंतीतली मूठ खोलली. आतलं रबर वाळूने कुरतडलेलं. "बदलू?"

द्रौपदीबाई रबराकडे बघत राहिल्या.

"बदलल्यावर पण पानी आलं तर?"

नेत्राने रबर बोटांत फिरवलं.

"आनि न्हाय आलं तर?" हे त्यांनी आणखी हळू विचारलं.

नेत्राने पाना खाली ठेवला. "तुम्ही म्हणाल तसं."

"बदल," द्रौपदीबाई म्हणाल्या.

नवं रबर बसलं, कॉक उघडला. दोघी कान देऊन उभ्या राहिल्या. काही नाही. एवढी शांतता त्या घराला सोसेना.

द्रौपदीबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि रिकाम्या बाथरूमच्या दारात जाऊन सांगितलं,

"अवो, रबर गेलं व्हतं, म्हनून बदललं. तुमाला कुनी हाकललं न्हाय. जायचं तर सुखानं जा."

उत्तराची वाट मात्र नेत्रानेही पाहिली.