घराच्या नावाचं पाणी

"साहेबलोक चाखून बघतील ना गो लिली? मग त्यांना खारं पानी कसं पाठवायचं?"

सासूबाईंनी असं विचारलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला. भूजल खात्याचा जितेश साळवी नुकताच बाटली घेऊन गेला होता. आदल्या दिवशी रिकामी बाटली देताना त्याने सासूबाईंना बजावलं होतं, "क्लाराबाई, सकाळी टँकरवाल्यांचे पंप सुरू व्हायच्या आत तुमच्या विहिरीचं पाणी भरून ठेवा." तपासणीला आळीतली आमचीच विहीर निवडली होती. उपशामुळे पाणी खारावलंय असं निघालं, तर शेजारच्या वाडीतला टँकरवाल्यांचा उपसा बंद होणार होता आणि आमची केळी वाचणार होती.

आणि या बाईने बाटली भरली ती हंड्यातून! त्यांच्या माहेरच्या विहिरीचं गोड पाणी, मीच डोक्यावरून आणलेलं. का, तर बाटलीवर घराचं नाव होतं.

"आई, खारं आहे हेच तर दाखवायचं होतं!"

मी रस्त्यापर्यंत धावले, पण जीप निघून गेली होती. कचेरीत खेटे घातले, तर म्हणे पुढच्या फेरीला बघू. अहवाल आला: पाणी गोड, उपशास हरकत नाही.

त्या उन्हाळ्यात केळीची पानं कडेने करपत गेली. तुळिंजच्या नव्या इमारतींकडे टँकर भरून जायचे, पंप दिवसभर घरघरायचे. ते थांबले की सासूबाईंना रहाट ऐकू यायचा. सासरे जाऊन कितीतरी वर्षं झालेली, रहाट तर त्याआधीच मोडलेला. तरी त्या भर दुपारी काठावर जाऊन म्हणायच्या, "फर्डिनंड, नको काढू. खारं हाय." खरं सांगते, एकदोनदा मलाही तो रहाट ऐकू आला.

जितेश परत आला तेव्हा वाडीत नुसते बुंधे उरले होते. सासूबाईंनी बादलीला कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः पाणी शेंदलं आणि फादर आले की काढायचा तो काचेचा पेला भरून त्याच्यापुढे धरला. एक घोट घेऊन त्याचं तोंड वाकडं झालं.

"क्लाराबाई, एवढं खारट? मग मागच्या वेळी..."

"मागच्या वेळी लाज वाटली, बाबा."

मग त्यांनी त्याच बादलीतून बाटली काठोकाठ भरली, पदराने पुसली आणि दोन्ही हातांनी त्याच्याकडे दिली.

"घराचं नाव मोठ्या अक्षरात लिही," त्या म्हणाल्या.